बडोद्यात समकालीन चेंबर संगीताची मैफल उभी करताना

गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत पियानो आणि दोन-चार वाद्यांसाठी लिहिले गेलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत, म्हणजे समकालीन चेंबर संगीत, प्रत्यक्ष ऐकायचे असेल तर मुंबईची गाडी पकडावी लागते, असे बडोद्यातले बहुतेक संगीतप्रेमी गृहीत धरतात. माझे मत वेगळे आहे. हे संगीत बडोद्यात, येथेच राहणाऱ्या वादकांच्या बळावर उत्तम रीतीने उभे राहू शकते. त्यासाठी वाद्यवृंद किंवा मोठे नाट्यगृह लागत नाही. नीट सुरात असलेला एक पियानो, एकमेकांचे ऐकण्याची सवय असलेले तीन-चार वादक आणि सुमारे चार महिन्यांची तयारी पुरेशी आहे. मात्र रचनांची निवड साधने पाहून करावी लागते, आणि रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानाला अडचण न समजता भांडवल मानावे लागते. ही तयारी कशी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

या शहराला दोन्ही परंपरांचा शेजार जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी येथे संगीतशाळा सुरू केली, ठरावीक स्वरलिपीच्या आधारे वर्गात गाणे शिकवले, आणि त्यांच्या घरातील एक मुलगा लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून परत आला. १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. सूरसागराच्या काठावरील त्या शाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत चालू आहे. लिहिलेले संगीत वाचणे आणि कानाने शिकलेले संगीत गाणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच इमारतीत झालेल्या आहेत, याची आठवण ठेवून कामाला लागावे.

पियानो आधी, रचना नंतर

बहुतेक जण आधी आवडती रचना ठरवतात आणि मग पियानो शोधतात. हा क्रम उलटा करावा. शहरात जे पियानो आहेत ते काही जुन्या घरांत, काही शाळांत आणि चर्चशी संबंधित संस्थांत आहेत, आणि त्यांतले बरेच उभे, म्हणजे अपराइट आहेत. प्रत्येक पियानोजवळ बसून तीन गोष्टी तपासाव्यात. सर्व ८८ पट्ट्या दाबल्यावर परत वर येतात का, हे आधी पाहावे. उजवे पेडल सोडल्यावर (अगदी वरच्या टोकाचे स्वर सोडून) सर्व तारांचा आवाज एकदम बंद होतो का, हे नंतर तपासावे, कारण समकालीन संगीतात शांततेचा क्षण नेमका कोठे सुरू होतो याला फार महत्त्व असते. शेवटी एकेक स्वर वाजवून तो एकसंध ऐकू येतो का ते पाहावे. मधल्या आणि वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराला तीन तारा असतात आणि त्या आपसात किंचित हलल्या की एकच स्वर लाटांसारखा वर-खाली होऊ लागतो.

बडोद्याची हवा पियानोला कठीण जाते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषते, ध्वनिफलक फुगतो आणि स्वर चढतो. दिवाळीनंतर तोच पियानो हळूहळू उतरू लागतो. खोलीतील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर वाद्य सुरात टिकते, म्हणून स्वस्तातला का होईना, एक आर्द्रतामापक पियानोजवळ ठेवावा आणि महिनाभर नोंदी घ्याव्यात. ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारा कारागीर, बहुधा मुंबईहून किंवा अहमदाबादहून बोलवावा लागतो. त्याला एकदा नव्हे, दोनदा बोलवावे: पियानो मैफलीच्या जागी हलवल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी पहिल्यांदा, आणि मैफलीच्या दिवशी सकाळी दुसऱ्यांदा. पैसे वाचवायचे असतील तर फुलांच्या सजावटीत वाचवावेत, येथे वाचवू नयेत.

चांगला पियानो मिळालाच नाही तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालतो, पण सर्व रचनांना नाही. ज्या संगीतात वादक पियानोच्या आत हात घालून तारा छेडतो, किंवा स्वर विरत जाण्यावरच सारे अवलंबून असते, तेथे डिजिटल वाद्य घेऊन बसू नये.

वादक कोठून मिळतात

व्हायोलिनवादक बडोद्यात मिळतात, पण त्यांतले अनेक रागसंगीत वाजवणारे असतात आणि त्यांनी व्हायोलिन षड्ज-पंचमात जुळवलेले असते. पाश्चात्त्य स्वरलिपी सहज वाचणारा वादक हवा असेल तर लंडनच्या ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा दिलेली तरुण मुले शोधावीत. अशी मुले शहरात असतात, फक्त परीक्षेपलीकडे त्यांना कोणी एकत्र वाजवायला बोलावत नाही. चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खालच्या सुरांचे वाद्य; ते वाजवणारा मिळणे सर्वांत कठीण. तो मुंबईहून बोलवावा लागला तर त्याच्या दोन तालमी आणि मैफल सलग तीन दिवसांत बसवाव्यात आणि बाकीच्यांनी त्याआधी आपले काम पूर्ण केलेले असावे. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया कार्यरत असल्याने तेथे वादकांचा शोध घेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

तबल्याच्या विद्यार्थ्यांना या कामात सुरुवातीपासून घ्यावे, हा माझा आग्रह आहे. गुंतागुंतीचे लयबंध हातावर मोजून म्हणण्याची जी तालीम त्यांना मिळालेली असते ती पियानो शिकलेल्या मुलांना क्वचितच मिळते.

कानाची तयारी

पहिले दोन-तीन आठवडे कोणतीही रचना हातात न घेता सर्वांनी पियानोभोवती बसून ऐकावे. येथे घाई झाली तर पुढच्या साऱ्या तालमी स्वर बरोबर लावण्यातच जातात.

पहिला प्रयोग असा. मध्य सप्तकातील सी, ई आणि जी, म्हणजे पांढरी एकच्या पट्टीतले सा, ग, प, आवाज न करता हलकेच दाबून धरावेत. मग दोन सप्तके खालचा सी जोरात वाजवून लगेच सोडावा. खालचा स्वर थांबतो, पण धरून ठेवलेल्या तारा आपोआप झणझणत राहतात. सतारीच्या तरफा याच तत्त्वावर बोलतात. आता नीट कान द्यावा: षड्ज आणि पंचम स्पष्ट ऐकू येतात, गंधार मात्र क्षीण असतो. याचे कारण असे की, खालच्या षड्जातून निसर्गतः निघणारा गंधार ३८६ सेंटांवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर पियानोचा गंधार सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे ४०० सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला लगेच जाणवतो. पियानोचा पंचम ७०० सेंटांवर आणि शुद्ध पंचम सुमारे ७०२ वर असल्याने तेथे तक्रार उद्भवत नाही. हार्मोनियम रागसंगीताला चालते की नाही, हा आपल्याकडील वाद याच मुद्द्यावर झाला होता, त्यामुळे ही गोष्ट बडोद्यातल्या गाणाऱ्या मुलांना फार समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा प्रयोग स्वर विरण्याचा. पियानोचा कोणताही स्वर वाजल्या क्षणापासून मावळू लागतो, त्याला मींड नाही आणि फुगवणेही नाही. एकच मंद्र स्वर वाजवून पेडल धरावे आणि तो पूर्ण विरेपर्यंत कोणी हलू नये. मग तोच स्वर व्हायोलिनवर लांब वाजवत पियानोच्या विरत्या स्वरात मिसळून द्यावा. केव्हा एक वाद्य संपले आणि दुसरे उरले हे ऐकणाऱ्याला कळू नये, इतका हा सांधा साधला की चेंबर संगीताचे अर्धे शिक्षण झाले असे मी समजतो.

या काळात पियानोवादकाने आर्वो पेअर्ट या एस्टोनियन रचनाकाराची १९७६ सालची ‘फ्यूर अलीना’ ही छोटी रचना बसवावी. तिच्यात ताल नाही. सुरुवातीच्या मंद्र स्वरानंतर दर बारला, म्हणजे लिपीतील दोन उभ्या रेघांमधल्या भागाला, एकेक स्वर वाढत जातो आणि मग तसाच उतरत येतो. बोटांना काहीच कठीण नाही, आणि म्हणूनच प्रत्येक स्वराचे वजन उघडे पडते. वेगवान वाजवण्याची हौस असलेल्या वादकासाठी यापेक्षा चांगला गुरू सापडणार नाही.

काय वाजवावे

पहिल्या मैफलीसाठी साधारण एक तासाचा, मध्यंतर नसलेला कार्यक्रम पुरेसा होतो. मी निवडीचा एकच निकष मानतो: रचनेत एकच कल्पना असावी, ती पहिल्या मिनिटातच ऐकू यावी आणि तरी तिच्या आत शिरायला जागा उरावी. या निकषावर खालील रचना बडोद्यात चांगल्या बसतील.

पेअर्टची १९७८ सालची ‘श्पीगेल इम श्पीगेल’ ही व्हायोलिन आणि पियानोसाठी आहे. चेलोसाठीचे रूपही उपलब्ध आहे. साधारण आठ ते दहा मिनिटे चालते. पियानो शांतपणे तीन-तीन स्वरांचे स्वरसंघात (कॉर्ड) एकेक स्वर सुटा करून वाजवत राहतो आणि व्हायोलिन लांब स्वरांच्या ओळी गाते. या ओळी दर वेळी एका स्वराने वाढतात, आलटून पालटून खालून आणि वरून येतात, आणि प्रत्येक ओळ ए या स्वरावर विसावते. रचना एफ मेजरमध्ये आहे; म्हणजे पांढरी चारला षड्ज मानले तर सारा प्रवास गंधाराकडे आहे. वर सांगितलेला चौदा सेंटांचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. रागसंगीत शिकलेला व्हायोलिनवादक नकळत हा गंधार उतरवतो आणि पियानोशी त्याचा खटका उडतो. त्याने पियानोचा गंधारच स्वीकारावा, आणि त्यासाठी बोटाचे कंपन (व्हिब्रॅटो) जवळपास काढून टाकून स्वर सरळ ठेवावा. माझ्या मते पहिल्या मैफलीत ही रचना असलीच पाहिजे.

फ्रेंच रचनाकार ओलिव्हिए मेसियाँ यांचे क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठीचे ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ १५ जानेवारी १९४१ रोजी गॉर्लिट्झ येथील जर्मन युद्धकैदी छावणीत प्रथम वाजले. मेसियाँ स्वतः तेथे कैदी होते आणि हातात होती तीच वाद्ये घेऊन त्यांनी लिहिले. साधने पाहून रचना ठरवावी, या सूत्राला याहून मोठा दाखला नाही. मराठी श्रोत्याला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नोंदवलेल्या १२० देशी तालांची यादी मेसियाँच्या हाती एका फ्रेंच संगीतकोशातून आली, आणि रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन तालांवरून त्यांनी या चतुष्काच्या पहिल्या भागातील पियानोचा लयबंध घडवला. त्यात १७ कालमूल्यांचे चक्र आणि २९ स्वरसंघातांचे चक्र एकाच वेळी फिरत राहते. दोन्ही मूळ संख्या असल्याने ही चक्रे पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ स्वरसंघात जावे लागतात, आणि हा भाग त्याच्या फार आधीच संपतो. सम येतच नाही. आपल्या तालांतून निघालेली लय आपल्याच कानाला इतकी अनोळखी कशी वाटते, हे ऐकणे हा मोठा अनुभव आहे.

तरीही पहिल्याच वर्षी आठ भागांचे, सुमारे पन्नास मिनिटांचे संपूर्ण चतुष्क हाती घेऊ नये. पाचवा भाग फक्त चेलो आणि पियानोसाठी आहे, आठवा व्हायोलिन आणि पियानोसाठी, आणि तिसरा एकट्या क्लॅरिनेटसाठी. यांतला एक निवडावा. पाचव्या भागाची लय इतकी विलंबित आहे की चेलोवादकाचा गज मध्येच संपतो. गज कोठे बदलायचा हे पेन्सिलीने आधी लिहून, तो बदल ऐकू येणार नाही इतका सराव करावा लागतो. पियानोचे पुनःपुन्हा येणारे स्वरसंघात एकसारखे पण निर्जीव न वाटता वाजवणे त्याहून कठीण आहे.

चेलो मिळालाच नाही तर अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांचे १९७२ सालचे ‘क्लॅपिंग म्युझिक’ घ्यावे. यात वाद्यच नाही, फक्त दोन जणांच्या टाळ्या आहेत. बारा मात्रांच्या साच्यात आठ टाळ्या आणि चार विराम; एक जण तोच साचा शेवटपर्यंत धरतो, दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा पुढे सरकतो आणि बारा वेळा सरकून पुन्हा पहिल्याशी मिळतो. तबल्याचे विद्यार्थी हे दोन आठवड्यांत चोख बसवतात. त्यांना एकच सूचना द्यावी लागते: मनात एकताल धरू नये, नाहीतर दुसऱ्याचे सरकणे चुकीसारखे वाटू लागते आणि हात आपोआप समेकडे ओढला जातो.

शेवटी अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांची १९६४ सालची ‘इन सी’ घ्यावी. एका पानावर ५३ छोटे स्वरवाक्यांश, कोणतीही वाद्ये, कितीही वादक. प्रत्येकाने प्रत्येक वाक्यांश वाटेल तितक्या वेळा वाजवून पुढे जायचे, पण इतरांपासून दोन-तीन वाक्यांशांपेक्षा दूर जायचे नाही. पियानोवर वरचा सी सारखा ठोकत कोणी तरी लय धरून ठेवतो. रायली पुढे १९७० साली किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, हे येथे सांगण्यासारखे आहे. या रचनेत बडोद्यातले हार्मोनियम, बासरी, सतार आणि पियानो एकत्र बसू शकतात. फक्त सतार पांढरी एकला जुळवून घ्यावी आणि पुढे एफ शार्प व बी फ्लॅट येतात याची आठवण पडदे लावताना ठेवावी. कोणीही तान घेऊ नये, आलाप करू नये. लिहिलेले तेवढेच वाजवायचे आहे. या शिस्तीतून जे दाट विणकाम तयार होते ते दोन परंपरांची सरमिसळ करणाऱ्या कार्यक्रमांत मला कधी सापडले नाही. मूळ रचना तासभरही चालते. अर्ध्या तासात संपवायची असेल तर ते आधी ठरवून तालमीत घड्याळ लावून पाहावे.

भारतीय मुळांच्या रचनाकारांतून रीना इस्माइल यांची ‘झुला झुले’ ही एक स्वरवाद्य आणि पियानो यांच्यासाठीची रचना पाहावी. लंडन आणि पॅरिस येथे शिकून आलेले आणि २०२१ साली निवर्तलेले मुंबईचे वनराज भाटिया यांचे पियानोसाठीचे लेखनही शोधण्यासारखे आहे; चित्रपटांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, या बाजूची दखल मात्र फार कमी घेतली गेली.

अमेरिकन रचनाकार जॉन केज यांचा मोह मात्र पहिल्या वर्षी आवरावा. अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून भारतीय संगीताविषयी जाणून घेतल्यानंतर केज यांनी १९४६ ते १९४८ या काळात ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ लिहिले. त्यात पियानोच्या ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर असे पदार्थ बसवावे लागतात. दुसऱ्याच्या पियानोवर हे करणे योग्य नाही, आणि अपराइटवर ते जमतही नाही. स्वतःचा ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो असेल आणि ट्यूनर सोबत असेल तरच हात लावावा. डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या, उचललेले असतानाच पदार्थ बसवावा, तांबे गुंडाळलेल्या मंद्र तारांना धातू लावू नये आणि घामट बोटांनी तारेला स्पर्श करू नये, कारण गंज तेथूनच सुरू होतो.

छापील संगीत आणि परवानगी

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. १९६३ साली निधन झालेल्या पुलँक आणि हिंडेमिथ या रचनाकारांचे संगीत त्यामुळे २०२४ पासून येथे मुक्त झाले आहे, आणि पुलँक यांचा १९५७ सालचा बासरी व पियानोचा सोनाटा नवख्या श्रोत्यांसाठी फार चांगली पायरी ठरतो. मेसियाँ १९९२ साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०५२ अखेरपर्यंत आहेत. अशा रचनांची छापील प्रत विकत घ्यावी. चेंबर संगीताच्या प्रती सहसा विकत मिळतात, वाद्यवृंदाच्या पार्टांप्रमाणे (एकेका वाद्यापुरत्या प्रतींप्रमाणे) भाड्याने घ्याव्या लागत नाहीत. परदेशातून प्रत यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात असे धरून मागणी लवकर नोंदवावी. जाहीर सादरीकरणाचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे मागावा. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे, पण ध्वनिमुद्रण करून ते प्रसारित करायचे असेल तर ही सूट पुरत नाही.

तालमी

चेंबर संगीतात पियानोवादकापुढे सर्वांचा एकत्रित स्कोअर असतो आणि बाकीच्यांपुढे फक्त आपापला पार्ट. त्यामुळे इतरांना दुसरा काय वाजवतो आहे हे दिसत नाही. पहिल्या तालमीआधी प्रत्येकाने पूर्ण स्कोअर वाचून आपल्या पार्टवर इतरांच्या खुणा पेन्सिलीने लिहाव्यात. ही तयारी न करता आलेल्या वादकाबरोबर तालीम सुरू करू नये, पुढे ढकलावी.

सुरुवात वाद्ये जुळवण्यापासून. सर्वांनी पियानोचा ए घ्यावा, पण तेथेच थांबू नये. व्हायोलिन आणि चेलोच्या तारा शुद्ध पंचमांत जुळवल्या जातात आणि प्रत्येक शुद्ध पंचम पियानोच्या पंचमापेक्षा दोन सेंट मोठा असतो. ए पासून खाली डी, जी आणि सी असे तीन पंचम उतरले की चेलोची सर्वांत खालची तार पियानोपेक्षा सहा सेंट उतरलेली असते. शांत, विलंबित संगीतात हा फरक बोचतो. म्हणून चेलोवादकाने जी आणि सी या तारा पियानोच्या त्या त्या स्वरांशी स्वतंत्रपणे मिळवून घ्याव्यात.

लयीसाठी माझी पद्धत अशी. मेसियाँसारख्या संगीतात मात्रा मोजण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि सर्वांत लहान कालमूल्य मोजावे. दोनला ‘तक’, तीनला ‘तकिट’, चारला ‘तकधिमि’ असे बोल लावून संपूर्ण ओळ आधी तोंडाने म्हणावी, मग टाळ्यांत वाजवावी आणि शेवटी वाद्यावर आणावी. मेसियाँ नेहमीच्या लयबंधात मध्येच एक छोटे मूल्य जोडतात आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक तेथे हमखास अडखळतो, कारण त्याला ठोका हरवल्यासारखा वाटतो. बोलांतून आलेल्या वादकाला ते मूल्य ठोक्याबाहेरचे वाटतच नाही. तबल्याच्या मुलांनी इथे पियानोच्या मुलांना शिकवावे. मी हा प्रकार पाहिला आहे, आणि एका तासात दोन्ही बाजूंचे अवघडलेपण गळून पडते.

इशारा कोण देणार, हे प्रत्येक प्रवेशाच्या जागी लिहून ठेवावे. सर्वसाधारणपणे ज्याचा स्वर लांब आहे आणि ज्याला श्वास किंवा गज घ्यायचा आहे त्याने इशारा द्यावा, पियानोवादकाने नव्हे. शेवटचा स्वर संपल्यानंतर हात किती वेळ वर ठेवायचे याचीही तालीम करावी, कारण वादक हलला की श्रोते टाळ्या वाजवू लागतात आणि संगीताचा उरलेला भाग त्यात बुडतो.

पियानोचे झाकण पूर्ण उघडावे की अर्धे, हा प्रश्न खोलीत बसूनच सोडवता येतो. एकाने शेवटच्या रांगेत बसावे, बाकीच्यांनी सर्वांत दाट भाग वाजवावा. व्हायोलिन ऐकू येत नसेल तर झाकण खाली आणण्याआधी पियानोवादकाला डावा हात हलका करायला सांगावे. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. चेलोच्या टोकाला गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून पट्टा किंवा रबराची चकती लावावी. पाने उलटणारा माणूस वाचता येणारा असावा आणि त्यानेही शेवटच्या दोन तालमींना हजर राहावे.

जागा, तारीख आणि श्रोते

सत्तर ते शंभर माणसे बसतील अशी खोली सर्वांत चांगली. उंच छत, लाकूड किंवा दगड, आणि ध्वनिवर्धकाची गरज नसणे, हे तीन गुण पाहावेत. खोली रिकामी असताना पंखे आणि वातानुकूलन बंद करून पाच मिनिटे नुसते बसावे. ट्यूबलाइटची गुणगुणही पेअर्टच्या संगीतात ऐकू येते.

तारखेसाठी बडोद्याचे पंचांग निराळे आहे. नवरात्राच्या नऊ रात्री कोणी तालमीलाही येणार नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत, १४ आणि १५ जानेवारीला, प्रत्येक गच्चीवर ध्वनिवर्धक असतो. लग्नसराईत वरात दाराशी येऊ शकते, म्हणून मुख्य रस्त्यालगतची जागा टाळावी. हवा स्थिर आणि पियानोला मानवणारी असा काळ डिसेंबरच्या सुरुवातीचा किंवा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. रविवारची सकाळ संध्याकाळपेक्षा शांत मिळते.

श्रोत्यांसाठी मराठी आणि गुजरातीत एका पानाचे टिपण छापावे. त्यात प्रत्येक रचना किती मिनिटांची आहे हे अवश्य लिहावे. माणसाला अंतर ठाऊक असले की तो निवांत ऐकतो. सुरुवातीची दहा मिनिटे भाषणाऐवजी पियानोजवळ प्रात्यक्षिकाला द्यावीत: झणझणणाऱ्या तारांचा प्रयोग दाखवावा, ‘श्पीगेल’मधील पहिल्या चार ओळी वाजवाव्यात, मेसियाँचे बोल टाळ्यांवर म्हणून दाखवावेत. हे संगीत अमुक रागासारखे आहे असे सांगण्याचा मोह मात्र टाळावा. तसे सांगितले की श्रोता राग शोधत बसतो आणि समोर वाजणारे त्याच्या हातून निसटते. कानात तानपुरा असलेल्या माणसाला एकाच स्वराजवळ थांबून राहण्याची सवय असते, दाद देताना शेजाऱ्याच्या श्वासाचेही भान असते, आणि या संगीताला त्याच्याकडून तेवढेच हवे असते.

मैफल संपल्यावर तालमीतून जमलेले काम वाया जाऊ देऊ नये. सर्व पार्टांवरील पेन्सिलीच्या खुणा पुसण्याआधी त्यांची एक स्वच्छ यादी करावी, वाजवलेल्या रचनांचा तपशील परवाना देणाऱ्या संस्थेला कळवावा, पियानो मूळ जागी गेल्यावर मालकाच्या खर्चाने नव्हे तर मंडळाच्या खर्चाने पुन्हा सुरात लावून द्यावा, आणि महिन्याभरात तोच कार्यक्रम अहमदाबाद, सुरत किंवा इंदूर येथे दुसऱ्यांदा वाजवण्याची व्यवस्था पहिल्या मैफलीच्या आधीच करून ठेवावी.